झोप मोडू न देण्याचा खेळ

बॉबला ऑफिसात झोप लागते. काम कंटाळवाणं आहे हे एक कारण, पण खरं कारण त्याचा आजार. नार्कोलेप्सी असलेल्या माणसाला भरदिवसा, हातातलं काम अर्धवट असताना अनावर झोप येते. बॉबची पंचाईत तेवढ्यावर थांबत नाही. खुर्चीत पेंगता पेंगता तो उठतो आणि डोळे मिटलेल्या अवस्थेत चालायला लागतो. ऑफिसच्या बाहेर, शहराच्या गच्च्यांवरून, जिथे कठडा नाही अशा कडांपर्यंत. त्याच्या आसपास एक चार पायांचा हिरवट प्राणी धावपळ करत असतो. शरीर कुत्र्यासारखं, पण तोंडवळा बॉबचाच. याचं नाव सबॉब. बॉबच्या मनाचा जो भाग झोपलेला नाही, तो हा. खेळणाऱ्याच्या ताब्यात बॉब नसतोच, सबॉब असतो. आणि काम एकच: बॉबची झोप न मोडता त्याला त्याच्या पलंगापर्यंत पोचवायचं.

‘बॅक टू बेड’ या खेळाची ही गोष्ट. टॅब्लेटवर खेळायच्या कोडे-खेळांची लाट जोरात असताना, २०१४ मध्ये, तो बाजारात आला. त्याआधी तो विद्यार्थ्यांचा प्रकल्प होता. डेन्मार्कमध्ये ‘डॅडियू’ नावाचा एक उपक्रम चालतो. देशातली विद्यापीठं आणि कलासंस्था आपापले विद्यार्थी तिथे धाडतात आणि ही मंडळी एकत्र बसून खेळ तयार करतात: कुणी चित्रकार, कुणी प्रोग्रामर, कुणी ध्वनीचं काम शिकणारा. २०११ मध्ये तिथे या खेळाचा पहिला आराखडा तयार झाला. पुढे त्या गटातल्या काहींनी ऑलबोर्ग शहरात ‘बेडटाइम डिजिटल गेम्स’ ही कंपनी काढली आणि ‘किकस्टार्टर’वर लोकांकडून पैसे जमवून खेळ पूर्ण केला. कंपनीच्या नावातच झोपायची वेळ आली, यावरून हा विषय त्यांच्या किती मनात भरला होता ते दिसतं.

पडद्यावर पाहिलं तर वाटतं, इथे काहीही घडू शकेल. बुद्धिबळाच्या पटासारखी फरशी हवेत तरंगते आहे. डोक्याएवढी हिरवी सफरचंदं पडली आहेत. दरी ओलांडायला पूल म्हणून अख्खा मासा आडवा टाकायचा आहे. गजराची घड्याळं पायांवर चालत गस्त घालताहेत. जिना भिंतीला लागतो आणि सबॉब न अडखळता त्या भिंतीवर चढून चालू लागतो. कालची भिंत आज जमीन.

आणि तरीही इथे ‘काहीही’ घडत नाही. बॉब नाकासमोर चालतो. वाटेत काही आडवं आलं की उजवीकडे वळतो. डावीकडे कधीच नाही. कडेवरून खाली पडला तर त्याचा चेंदामेंदा होत नाही, तो पुन्हा सुरुवातीच्या जागी येऊन पडतो आणि तीच वाट धरतो. बॉबच्या वागण्याचा सगळा कायदा एवढाच. सबॉब त्याच्या वाटेत सफरचंद ठेवतो, म्हणजे बॉब वळतो. त्याला डावीकडे न्यायचं असेल तर तीन वेळा उजवीकडे वळवावं लागतं, आणि त्या तीन वळणांना पुरेल एवढी जागा समोर आहे की नाही, हे आधी मोजावं लागतं. सफरचंद एकच असेल तर बॉब पहिलं वळण घेऊन दोन पावलं पुढे जातो न जातो तोच ते उचलून दुसऱ्या वळणावर नेऊन ठेवायचं. कोड्याची सगळी गंमत या हिशेबात आहे.

स्वप्नावर रचलेल्या चांगल्या खेळांचं मर्म इथे सापडतं. दिसायला जितकं बेबंद, तितके आतले नियम कडक. जागेपणीच्या जगात माणूस कधी उजवीकडे वळतो, कधी डावीकडे, कधी विसरतो, कधी विचार बदलतो. बॉब तसं करत नाही. खऱ्या स्वप्नातही नियम टिकत नाहीत: दार उघडून आत जावं तर ते घर वेगळंच निघतं, आणि परत फिरावं तर दारच नसतं. तशा जागी कोडं घालता येत नाही, कारण कोडं सोडवणाऱ्याला ‘मी अमुक केलं तर तमुक होईल’ असा भरवसा लागतो. तो भरवसा देऊन भोवतीचं जग मात्र पार बदलून टाकायचं, ही कसरत या खेळाला साधली.

झोपेत चालणाऱ्याला सांभाळायची कल्पना आधीही येऊन गेली होती. १९९३ मध्ये ब्रिटनमधल्या ‘ओशन’ कंपनीने ‘स्लीपवॉकर’ नावाचा खेळ काढला होता. त्यात ली हा मुलगा झोपेत चालतो आणि राल्फ हा त्याचा कुत्रा त्याला संकटांतून वाचवतो. त्या खेळाच्या कमाईतून ‘कॉमिक रिलीफ’ या धर्मादाय मोहिमेला मदत केली गेली. त्याच्या दोन वर्षं आधीचा, स्कॉटलंडच्या डंडी शहरात जन्मलेला ‘लेमिंग्ज’ हा तर या कुळाचा मूळपुरुष मानावा. तिथले हिरव्या केसांचे चिमुकले जीव समोर दिसेल तिकडे चालत सुटतात, कड्यावरून खुशाल खाली पडतात, आणि त्यांना वाट काढून द्यायचं काम खेळणाऱ्याचं. अशा खेळात नायकाला हुकूम देता येत नाही, फक्त त्याच्या भोवतालची परिस्थिती बदलता येते. लहान मूल नुकतं चालू लागलं की घरातली मोठी माणसं त्याच्या पुढे पुढे जाऊन स्टूल सरकवतात, दार लावून घेतात, तशीच ही राखण.

याहून जुनी आठवण निघते ती विन्झर मॅके या अमेरिकन चित्रकाराची. ‘लिटल निमो’ ही त्याची रविवारची चित्रमालिका १५ ऑक्टोबर १९०५ पासून ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये येऊ लागली. निमो हा छोटा मुलगा रोज रात्री स्वप्नांच्या राज्यात जातो. त्याचा पलंग पाय लांब करून शहराच्या इमारतींवरून चालत जातो, हे त्यातलं अतिशय गाजलेलं दृश्य. पानाच्या शेवटच्या चौकटीत निमो जागा होतो, बऱ्याचदा पलंगावरून खाली पडून. मॅकेची गोष्ट जाग येण्यावर संपते आणि बॉबची, झोप न मोडता पलंग गाठण्यावर.

आता सफरचंदं आणि घड्याळं कुठून आली ते पाहू. हा खेळ करणाऱ्यांनी आपले गुरू लपवलेले नाहीत. बेल्जियन चित्रकार रेने मॅग्रितच्या ‘द सन ऑफ मॅन’ या १९६४ च्या चित्रात टोपीवाल्या माणसाच्या तोंडापुढे हिरवं सफरचंद तरंगतं. त्याआधी १९५२ मध्ये त्याने एका सफरचंदाने अख्खी खोली भरून टाकली होती. मॅग्रितच्या चित्रांत रंग, सावली, पोत सगळं अगदी शाळेच्या पुस्तकातल्यासारखं नीटस असतं. बिघडलेली असते एकच गोष्ट, आकार किंवा जागा, आणि तेवढ्याने अंगावर काटा येतो. साल्वादोर दालीच्या चित्रातली वितळलेली घड्याळं १९३१ ची. न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ संग्रहालयात ते चित्र समोर पाहणारे बरेच जण चकित होतात, कारण ते जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे.

पण खेळाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा गुरू तिसरा: डच चित्रकार मॉरिट्स एशर. दाली आणि मॅग्रित यांनी खेळाला वस्तू दिल्या, एशरने जागा दिली. १९५३ च्या त्याच्या ‘रिलेटिव्हिटी’ या चित्रात एकाच इमारतीत तीन वेगवेगळ्या गुरुत्वाकर्षणांची माणसं वावरतात. एकाची भिंत ती दुसऱ्याची फरशी, आणि एकाच जिन्यावर दोघं जण वेगवेगळ्या बाजूंनी चालताहेत. सबॉब भिंतीवर चढतो तो थेट इथूनच.

एशरची पुढची कथा गणिताच्या अंगणात जाते. १९५४ मध्ये ॲमस्टरडॅमला गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती आणि त्या निमित्ताने तिथल्या स्टेडेलिक संग्रहालयात एशरच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. रॉजर पेनरोज हा तरुण इंग्रज गणिती ते पाहून भारावला. परतल्यावर तो अशक्य आकार काढण्याच्या नादी लागला आणि शेवटी एक त्रिकोण हाती आला: तीन दांडे, प्रत्येक कोपरा काटकोनाचा, प्रत्येक कोपरा स्वतंत्र पाहिला तर अगदी बरोबर, पण तिन्ही मिळून अशी वस्तू बनवताच येत नाही. त्याचे वडील लायोनेल हे आनुवंशशास्त्रज्ञ. त्यांनी याच धर्तीवर कधीच न संपणारा जिना काढला. बापलेकांनी १९५८ मध्ये मानसशास्त्राच्या एका ब्रिटिश नियतकालिकात हे आकार छापले आणि लेख एशरला पाठवला. एशरने त्यांचं ऋण मानून १९६० मध्ये जिन्याचं ‘असेंडिंग अँड डिसेंडिंग’ हे चित्र केलं आणि १९६१ मध्ये त्रिकोणावरून ‘वॉटरफॉल’. त्यात पाणी उतारावरून वाहत वाहत पुन्हा धबधब्याच्या माथ्यावर पोचतं. चित्रकाराकडून गणितज्ञाकडे आणि तिथून परत चित्रकाराकडे, असा हा प्रवास. हेच रॉजर पेनरोज २०२० मध्ये कृष्णविवरांवरील कामासाठी भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले.

त्या त्रिकोणाचा पहिला मान मात्र स्वीडनच्या ऑस्कर रॉयटर्सव्हर्डचा. १९३४ मध्ये, शाळेत लॅटिनचा तास चालू असताना, या मुलाने वहीत घन काढता काढता नऊ घनांचा अशक्य त्रिकोण रचला. पेनरोज पितापुत्रांना त्याची कल्पना नव्हती. स्वीडनने १९८२ मध्ये त्याच्या आकृत्यांची टपाल तिकिटं काढली.

हे आकार डोळ्यांना फसवतात ते कसं? साध्या घनाचं चित्र काढून पाहावं, पण तिरकं, त्याचे तिन्ही दृश्य पृष्ठभाग सारखे दिसतील असं. बाहेरची कड षट्कोनी होते आणि मधोमध एक बिंदू येतो. तो बिंदू घनाचा आपल्याला सर्वांत जवळचा कोपरा असतो. पण सर्वांत दूरचा, मागे दडलेला कोपराही नेमका तिथेच येतो. कागदावर जवळ आणि दूर एकाच ठिकाणी. छायाचित्रात असं चालत नाही, कारण तिथे दूरची वस्तू लहान दिसते, रेल्वेचे रूळ क्षितिजाकडे जाताना एकत्र येतात. या तिरक्या रेखनपद्धतीत, जिला आयसोमेट्रिक म्हणतात, समांतर रेषा समांतरच राहतात आणि दूरची वस्तू तेवढीच मोठी दिसते. खोली ओळखायची खूणच नाहीशी होते. मग एक पायरी वर, एक पाऊल पुढे आणि एक पाऊल बाजूला असलेली फरशी पडद्यावर जवळच्या फरशीला चिकटून दिसू शकते. डोळा म्हणतो वाट जोडलेली आहे. आता खेळाने फक्त एवढंच मान्य करायचं, की डोळा म्हणतो ते खरं.

जुन फुजिकी या जपानी कलावंत-संशोधकाने हे करून दाखवलं आणि त्यावर २००८ मध्ये सोनीने ‘इकोक्रोम’ हा खेळ काढला. पांढऱ्या पडद्यावर काळ्या रेघांचे जिने. दृश्य फिरवून खड्डा खांबामागे लपवला की खड्डा उरत नाही. विचार म्हणून तो अप्रतिम होता, पण त्या रेघांच्या जगात रमणं सगळ्यांना जमणारं नव्हतं. ती किमया साधली लंडनच्या ‘असटू गेम्स’ने. ३ एप्रिल २०१० ला अमेरिकेत पहिला आयपॅड विक्रीला आला होता. बरोबर चार वर्षांनी, ३ एप्रिल २०१४ ला, त्यांचा ‘मॉन्युमेंट व्हॅली’ आला. केन वाँग या ऑस्ट्रेलियन चित्रकाराच्या एका रेखाटनापासून त्याची सुरुवात झाली होती. पांढऱ्या कपड्यांतली इडा ही अबोल राजकन्या मनोरे आणि घुमटांमधून चालते. खेळणारा बोटाने एखादा खांब फिरवतो आणि आकाशात लटकलेले दोन सज्जे एकमेकांना जोडले जातात. प्रत्येक दृश्य भिंतीवर फ्रेम करून लावावं असं.

इथे टॅब्लेट हे निव्वळ साधन राहत नाही, ते कोड्याचा भाग बनतं. टीव्हीला जोडलेल्या खेळात माणूस आणि चित्र यांच्यामध्ये खोलीभर अंतर आणि हातात बटणांचा ठोकळा असतो. टॅब्लेट मांडीवर असतो आणि बोट थेट त्या अशक्य मनोऱ्यावर टेकतं. एशरचं चित्र पाहणाऱ्याला वर्षानुवर्षं जे करावंसं वाटत होतं, हात घालून तो जिना जरा वळवून पाहावा, ते इथे करता येतं. २०१४ साठी ॲपलने आयपॅडवरचा वर्षाचा खेळ म्हणून ‘मॉन्युमेंट व्हॅली’चीच निवड केली. ‘असटू’ने पुढच्या जानेवारीत हिशेब जाहीर केला तेव्हा २४ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. अँड्रॉइडवर मात्र जितक्या उपकरणांवर खेळ बसवलेला होता, त्यातल्या फक्त ५ टक्क्यांनी पैसे मोजले होते, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. ‘बॅक टू बेड’च्या वाट्याला एवढं यश आलं नाही. तरीही कोडं म्हणून पाहिलं तर बॉबची गोष्ट अधिक कसदार आहे. इडाच्या वाटेवर चुकणं जवळपास अशक्य असतं. बॉब मात्र थांबत नाही, आणि वेळेत विचार झाला नाही तर तो कडेपर्यंत पोचलेला असतो.

नियमच काढून टाकले तर काय होतं, हेही एका खेळाने दाखवून ठेवलं आहे. जपानी कलावंत ओसामु सातोने १९९८ मध्ये प्लेस्टेशनसाठी ‘एलएसडी: ड्रीम एम्युलेटर’ केला. त्याचा पाया होता खेळ काढणाऱ्या कंपनीतल्या एका कर्मचारी महिलेने अनेक वर्षं लिहिलेली स्वप्नांची रोजनिशी. इथे जिंकायचं काही नाही. फिरत राहायचं, आणि भिंतीला, माणसाला, कशालाही धडक दिली की तत्क्षणी दुसरं दृश्य उलगडतं. एक स्वप्न फार तर दहा मिनिटं चालतं. खऱ्या स्वप्नाशी इतकं प्रामाणिक दुसरं काही या माध्यमात क्वचितच झालं असेल. पण त्यात कोडं नाही, असूच शकत नाही. तिथे खेळणारा स्वप्न पाहतो. ‘बॅक टू बेड’मध्ये खेळणारा स्वप्न पाहणाऱ्याची राखण करतो.

मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना ही वाटणी ओळखीची वाटेल. ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं पडतात ती मुख्यतः रेम निद्रेत. डोळ्यांची जलद हालचाल असलेली ही झोप शिकागोत युजीन असरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी शोधून १९५३ मध्ये जाहीर केली. त्या वेळी मेंदूचे दृश्यांचे आणि भावनांचे भाग जोरात चालतात. पण कपाळामागचा, तर्क लावणारा आणि ‘हे कसं शक्य आहे?’ असं विचारणारा भाग मंदावलेला असतो. म्हणून मेलेली आजी स्वयंपाकघरात बसून चहा पीत असली तरी स्वप्नात कुणी दचकत नाही. सबॉब म्हणजे नेमका तोच मंदावलेला पहारेकरी, खेळाने जागा ठेवलेला.

वैद्यकाच्या दृष्टीने खेळात एक गफलतही आहे. रेम निद्रेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. स्वप्नातल्या धावण्याप्रमाणे पाय हलू नयेत, यासाठी मेंदूनेच ती सोय केलेली असते. झोपेत चालणं घडतं ते वेगळ्या टप्प्यात, रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात येणाऱ्या गाढ झोपेत. मुलांमध्ये ते जास्त आढळतं आणि बहुतेकांचं मोठेपणी आपोआप थांबतं. म्हणजे बॉब खरोखर चालत असेल, तर त्याच वेळी असं रंगीत, लांबलचक स्वप्न पाहत असण्याचा संभव कमी. मात्र एका बाबतीत खेळ डॉक्टरांच्या सल्ल्याशी तंतोतंत जुळतो. झोपेत चालणाऱ्याला जागं केलं तर त्याच्या जिवाला धोका होतो, हा समज खरा नाही; पण तो गोंधळतो, कधी हातघाईवर येतो. म्हणून सल्ला असा, की त्याला हलवून उठवू नये, वाटेतल्या धोकादायक वस्तू दूर कराव्यात आणि हळूच पलंगाकडे वळवावं. सबॉब दुसरं काय करतो?

झोप आणि कोडं यांचं नातं दालीनेही ताडलं होतं. चित्रकारांसाठी १९४८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्याने एक युक्ती दिली आहे. खुर्चीत बसायचं, हातात जड किल्ली धरायची, खाली ताट पालथं ठेवायचं. डोळा लागताच बोटं सैल होतात, किल्ली ताटावर खणकन पडते आणि जाग येते. त्या क्षणभराच्या झोपेत जे दिसलं असेल ते चित्रात उतरवायचं. पॅरिसमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये ही युक्ती प्रयोगशाळेत तपासली. त्यांनी लोकांना आकड्यांचं एक काम दिलं. त्यात उत्तर झटकन देणारा नियम लपवलेला होता, पण तो आहे हे कुणाला सांगितलं नव्हतं. मध्ये वीस मिनिटं हातात एक वस्तू धरून अंधारात पडून राहायचं. जे पूर्ण जागे राहिले, त्यांच्यातल्या ३० टक्क्यांना नंतर नियम सापडला. झोपेच्या पहिल्या, उथळ टप्प्यात ज्यांनी निदान १५ सेकंद घालवले, त्यांच्यातल्या ८३ टक्क्यांना सापडला. आणि जे त्याहून खोल झोपेत उतरले, त्यांच्यात हे प्रमाण जेमतेम १४ टक्के होतं.

उलट दिशेचा प्रयोग त्याआधीच होऊन गेला होता, आणि त्यात वापरला होता अलेक्सी पाझित्नोव्हने १९८४ मध्ये मॉस्कोत रचलेला ‘टेट्रिस’. अमेरिकेत रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांनी तीन दिवस २७ जणांना तो खेळायला लावला आणि झोप लागता लागता काय दिसतं ते विचारत राहिले. १७ जणांनी सांगितलं की पडणारे ठोकळे दिसतात. या २७ मध्ये पाच जण असे होते, की मेंदूला इजा झाल्यामुळे त्यांना नवी आठवण साठवता येत नव्हती. आदल्या दिवशी आपण काही खेळलो हेही ते सांगू शकत नव्हते. तरीही त्या पाचांपैकी तिघांच्या मिटल्या डोळ्यांपुढे ठोकळे पडत होते, वळत होते, एकमेकांत बसायला जागा शोधत होते. खेळाचं नाव विचारलं असतं तर त्यांना ते सांगता आलं नसतं. स्टिकगोल्ड यांचा या प्रयोगावरचा लेख ऑक्टोबर २००० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला.